गाडीबरोबर ड्रायव्हर फुकट

ताइ पो, हाँगकाँग
३ डिसेंबर २०२३

आ-सम,

फोनवर आपण बापलेक तिसऱ्या वाक्याला भांडतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, दुसऱ्याच. म्हणून हे पत्र. पत्रात मधेच कोणाला फोन आपटता येत नाही, आणि तुझं उत्तर येईपर्यंत माझाही राग निवलेला असतो.

तुझा प्रश्न मला नीट समजला आहे. मी सत्तरीचा झालो, बहिरा नाही. वॉरिंग्टनमध्ये तुम्ही दोन घरं पाहून ठेवली आहेत. एक लहान, तुम्हा नवराबायकोपुरतं. दुसरं मोठं, खालच्या मजल्यावर एक जादा खोली आणि बाजूला गॅरेज. मी कायमचा राहायला येणार असेन तर मोठं, नसेन तर लहान. एप्रिल संपायच्या आत सांगा, त्यानंतर मी विचारणार नाही, असं तू म्हणालीस. ते शेवटचं वाक्य तू थेट तुझ्या आईच्या आवाजात म्हणालीस, ते मला लागलं.

तर मी हिशोबाला बसलो. परदेशी राहायला जाणारी माणसं आधी हवापाणी, डॉक्टर, शेजार वगैरे बघतात म्हणे. मी गाडीचं बघतो. गाडी जिथे सुखात राहील तिथे मीही राहीन, एवढं ते साधं आहे. तुझा नवरा काम-तोंग हे वाचून डोळे फिरवील, तर त्याला माझे आशीर्वाद सांग.

इथला खर्च तुला माहीत आहे. सोसायटीच्या तळघरातल्या एका पिवळ्या चौकोनाला मी महिन्याला जे भाडं देतो, तेवढ्यात तुझी आजी पाच पोरांना जेवू घालायची. वर सरकारचा वार्षिक कर, विमा, बोगद्याचा टोल, आणि पेट्रोलचा भाव असा की पंपावरचा पोरगा नळी हातात घेण्याआधी माझ्याकडे सहानुभूतीने बघतो. आणि तू लिहितेस की तिथे गाडी घरासमोर फुकट उभी राहते. हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फुकट म्हणजे कोणालाच काही द्यायचं नाही? नववर्षाला चौकीदाराला बक्षिशीचं लाल पाकीटसुद्धा नाही?

आता मला एवढं कळव. सत्तरीच्या माणसाला आणि तिशी उलटलेल्या गाडीला तिथे विमा कोण देतं आणि कितीला. आपली गाडी बोटीने आणली तर जकात लागते का. आणि गॅरेजची आतली रुंदी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, स्वतः फीत लावून. दलाल सांगतो ती नको. मी जन्मभर पाणी खात्यात नकाशे काढले, दलालांची रुंदी मला पाठ आहे.

दार उघडून माणूस बाहेर पडू शकत नसेल तर त्याला गॅरेज म्हणत नाहीत.

तुझा म्हातारा बाप, लोउ-दाउ


ताइ पो
७ जानेवारी २०२४

आ-सम,

तुझं उत्तर तक्ता करून आलं. डावीकडे हाँगकाँग, उजवीकडे इंग्लंड. एवढं टापटीप काम पाहून मला बरं वाटलं आणि मग राग आला. कारण प्रत्येक ओळीत उजवी बाजू स्वस्त आहे. कर कमी, तपासणी स्वस्त, पेट्रोल जवळजवळ निम्म्या भावात. सहा महिने स्वतःच्या नावावर असलेली गाडी राहायला येणाऱ्या माणसाबरोबर बिनजकातीची येते, हेही तू शोधून काढलंस. म्हाताऱ्याला पळवाट राहू नये याची तू पुरती काळजी घेतली आहेस.

विमा तेवढा महाग आहे, पण तिथेही तू माझ्या विमा कंपनीचं 'यांनी कधी गाडी ठोकली नाही' असं प्रमाणपत्र चालेल का, हे विचारून ठेवलंस. ते प्रमाणपत्र मला मिळेल. डाव्या मडगार्डवरचा ओरखडा जुना आहे, त्याचा कंपनीशी संबंध नाही.

पण तक्त्यात एक गोष्ट तू लिहिली नाहीस. मीठ. हिवाळ्यात तिथे रस्त्यावर मीठ टाकतात. लुंग सिफूने सांगितलं. (त्याचं गॅरेज आता फानलिंगला हललं आहे, गाडी अजून तोच बघतो, आणि अजून बोलताना पाना माझ्याच दिशेने हलवतो.) तो म्हणाला, "मोकसाहेब, तिकडे दोन हिवाळ्यांत गाडीचं तळ चाळणी होतं. तुम्ही खाली पाय सोडून पळवत बसाल." मला तळाची काळजी वाटते. तू म्हणशील, सुक्या खारवलेल्या माशासारखं गाडीलाही मीठ टिकवेल. तुझ्या आईचा विनोद तू आपलासा केला आहेस, पण तो गाडीला लागू होत नाही.

शिवाय तू लिहितेस की इंग्रज माणूस गॅरेजात गाडी सोडून सगळं ठेवतो. फ्रीझर, सायकली, मेलेल्या काकाचा सोफा. असल्या लोकांमध्ये मी काय बोलणार?

तू दुसऱ्या खेपेला का होईना ड्रायव्हिंगची परीक्षा पास झालीस, याबद्दल अभिनंदन मी आधी करायला हवं होतं. तुझ्या गाडीचा फोटो पाहिला. शिवणयंत्राला चाकं लावलेली दिसतात. पण स्वच्छ ठेवली आहेस. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघ, गाडी गरम व्हायच्या आधी.

आपली गाडी यंदाच्या वार्षिक तपासणीत पहिल्या फेरीत पास झाली. तपासणारा पोरगा गाडीपेक्षा लहान होता. "काका, ही विकायची असली तर मला सांगा," म्हणाला. मी सांगितलं, गाडी इंग्लंडला जाण्याचा विचार करते आहे.

लोउ-दाउ


ताइ पो
१३ फेब्रुवारी २०२४, नववर्षाचा चौथा दिवस

आ-सम,

नववर्षाच्या पहिल्या दिवशी कोणी बापावर ओरडत नाही. असो, ओरडलीस. शेजारच्या लोकांचं टीव्हीवरचं सिंहनृत्य चालू होतं म्हणून बरं, नाहीतर त्यांनाही ऐकू गेलं असतं.

तू म्हणालीस, "तुम्हाला गाडी आणायची नाही असं नाहीये, तुम्हाला यायचंच नाहीये." मी म्हणालो, मिठाचा प्रश्न सुटलेला नाही. मग तू २०२१ चा तो विमानतळ काढलास, मी निरोप द्यायला आलो नव्हतो तो. तुम्ही जात होता त्या दिवशी गाडीची तपासणी होती, ती तारीख मी आधीच घेतलेली होती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही तेच सांगतो. तुझा तेवढ्यावर विश्वास बसत नसेल तर मी काय करू.

चौथ्या दिवशी कोणाकडे जायचं नसतं, म्हणून मी लिहीत बसलो आहे. गाडी आपल्याकडे कशी आली हे तुला आठवायचं कारण नाही, तू तीन वर्षांची होतीस. ९४ साली. तेव्हाही अर्धं शहर कॅनडाला निघालं होतं आणि रस्तोरस्ती काचांवर 'विकणे आहे'च्या चिठ्ठ्या होत्या. क्वुन तोंगच्या एका दाताच्या डॉक्टरने ही गाडी दोन वर्षं जिवापाड जपली होती. हिरवा गर्द रंग, दोन दारं, आवाज असा की मागे वळून बघावं. किल्ली देताना तो माणूस चक्क रडला. जिना उतरताना मी तुझ्या आईला म्हणालो, गाडीसाठी कोणी रडतं का. ती म्हणाली, "गाडीसाठी नाही रडत तो."

पहिल्या वर्षी आपल्याला पार्किंग परवडत नव्हतं. मी रात्री गाडी ताइ मेइ तुकला रस्त्याकडेला लावायचो आणि बसने घरी यायचो. सकाळी बसने जाऊन गाडी आणायची आणि मग कामावर. तुझी आई लोकांना सांगायची, "आमच्याकडे गाडी आहे, आम्ही तिला भेटायला बसने जातो." बायका हसायच्या. तिने तेव्हापासूनच गाडीला सवत म्हणायला सुरुवात केली. मंडईतून मासळी आणली की एकही पिशवी मागच्या सीटवर ठेवायची नाही, असा माझा नियम होता. सवतीच्या पदराला वास लागतो, म्हणून ती मासळी मांडीवर घेऊन बसायची.

आणि रविवार. पहाटे उठून ताइ मेइ तुक, मग जलाशयाच्या कडेने वळणावळणाचा तो रस्ता, ब्राइड्स पूलचा धबधबा, आणि खाली लुक केंग. तिथे म्हातारीच्या टपरीवर शेवया आणि दुधाचा चहा. तुला मागच्या सीटवर उलट्या व्हायच्या आणि तू म्हणायचीस, मला गाड्या आवडत नाहीत. त्या रस्त्यावर आम्ही सहा-सात गाड्यावाले जमायचो. दोघं मेले, बाकीचे तिकडे गेले, कोणी मँचेस्टर, कोणी मेलबर्न. त्यांचे फोटो येतात. मोकळे रस्ते, मागे मेंढ्या. मला त्या फोटोंत गाडी सुखात दिसते, माणसं नाही दिसत.

गेल्या रविवारीही मी गेलो होतो. लुंगबरोबर.

खारवलेल्या बदकाचं पाकीट पोस्टाने तिकडे येऊ देत नाहीत असं कळलं. म्हणून नुसतं पत्र.

लोउ-दाउ


ताइ पो
२४ मार्च २०२४

आ-सम,

लुंगला फोन करण्याची काही गरज नव्हती. तो खोटं बोलू शकत नाही हे तुला माहीत आहे, आणि तू नेमका त्याचाच फायदा घेतलास.

ठीक आहे. रविवारी मी एकटाच जातो. आणि पार्किंगमध्ये गाडी चालू न करता मी तासभर आत बसून असतो, हेही त्याला चौकीदाराने सांगितलं असणार. मी बॅटरीचं कारण द्यायचं ठरवलं होतं. पण बॅटरी बसून राहिल्याने भरत नाही, हे तुला आता कळतं. तुला लायसन्स मिळाल्यापासून कठीण झालं आहे.

तर ऐक. तुझ्या तक्त्यात चूक नाही. मी तो बारा वेळा तपासला. गाडी तिथे परवडते. इथल्यापेक्षा जास्त परवडते. मी मीठ, विमा, गॅरेजची रुंदी हे सगळं काढत राहिलो, कारण कुठेतरी आकडा चुकेल आणि 'बघ, जमत नाही' असं तुला लिहिता येईल. आकडा चुकला नाही. तेव्हा मला घाम फुटला.

प्रश्न तुझ्या आईचा आहे. रविवारी मी आधी तिच्या कोनाड्याशी जातो, अस्थिगृहात, चौथ्या रांगेत. फुलं बदलतो, संत्रं ठेवतो, आठवड्याचं काय ते सांगतो. मग म्हणतो, चल. आणि खाली येऊन डावीकडचं दार उघडतो. तिला आत बसू देतो. मग बंद करतो. आता तू म्हणशील, बाप खुळावला. तसं काही नाही. मी अंशतः पाणी खात्यातला शहाणा माणूस आहे आणि अंशतः तिचा नवरा. दार मी नवरा म्हणून उघडतो.

तिच्या अस्थी तिकडे घेऊन या, असं तू मागे सुचवलंस. लोक नेतात, मला माहीत आहे. पण ती मला स्पष्ट सांगून गेली होती, "मला पुन्हा कुठे हलवू नका, मी जन्मभर भाड्याची घरं बदलली." त्यावर माझा इलाज नाही. आणि ती इथे राहणार, मी आणि गाडी तिकडे जाणार, मग रविवारी तिने काय करायचं? पाच वर्षं ती कोनाड्यात आहे आणि एकही रविवार मी चुकवलेला नाही. मला तिची इतकी आठवण येते की मी लिहितानाही थांबलो आहे.

आता एक मार्ग सुचला आहे. येत्या चिंग मिंगला, पितरांच्या दिवशी, तिच्यासाठी जाळायला मी आपल्या गाडीची कागदी प्रत करायला टाकली आहे. बाजारगल्लीतल्या त्सुइबाईंकडे. मेलेल्यांसाठी कागदी घरं, कपडे, मोबाइल, सगळं त्याच करतात. त्यांच्याकडे तयार गाड्या होत्या, लांबलचक जर्मन, सोनेरी चाकांच्या. मी म्हणालो, ती असल्या गाडीत बसणार नाही, तिला लाज वाटेल. मी त्यांना चारही बाजूंचे नकाशे काढून दिले, मापांसकट. त्या म्हणाल्या, "मोकसाहेब, मी बांबू आणि कागदाचं काम करते, बोट बांधत नाही." पण घेतलं काम.

गाडी तिच्याकडे पोचली की मी मोकळा होतो. मग तुला काय ते कळवतो.

लोउ-दाउ


ताइ पो
७ एप्रिल २०२४

आ-सम,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

चिंग मिंगच्या आदल्या दिवशी मी गाडी आणायला गेलो. हातभर लांब, हिरवी गर्द, दारं उघडतात, आत सीट आहेत, नंबरसुद्धा आपलाच. उजव्या आरशाचा तो थोडा झुकलेला कोनही बाईंनी सोडला नव्हता. मग त्यांनी काउंटरखालून एक कागदी माणूस काढून गाडीवर ठेवला. टोपी, पांढरे हातमोजे, बारीक मिशी, वय पंचविशीचं.

"गाडीबरोबर ड्रायव्हर फुकट," त्या म्हणाल्या.

मी नको म्हणालो. त्यांनी विचारलं, बाईसाहेबांना गाडी येत होती का? मी म्हणालो, नाही, ती कधी शिकली नाही, तिला शेजारी बसायलाच आवडायचं. मग चालवणार कोण, त्यांनी विचारलं. आ-सम, एवढे नकाशे काढले, दाराच्या बिजागरीपर्यंत मापं दिली, आणि हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. गाडी म्हटलं की चालवणारा मीच, हे मी इतकं धरून चाललो होतो. मी तिला गाडी पाठवायला निघालो होतो आणि ती तिकडे जन्मभर, म्हणजे जे काही असेल तेवढा काळ, बंद गाडीत बसून राहिली असती.

त्या मिशीवाल्याकडे मी पुन्हा पाहिलं. तो माझ्या बायकोला रविवारी फिरवणार? मी म्हणालो, "याचा चेहरा बदला. मिशी पुसा, चष्मा घाला, केस पांढरे करा. माझा चेहरा काढा."

त्सुइबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मोकसाहेब, जिवंत माणसाचा चेहरा मी जाळायला देत नाही. जे जळतं ते तिकडे पोचतं."

"मग पोचू दे," मी म्हणालो.

मी हे ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. शेजारी सोनेरी कागद घेत उभी असलेली एक म्हातारी दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं ते खरं होतं हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मला माझीच भीती वाटली. मी तुझ्या घराचा, गॅरेजचा, विम्याचा हिशोब करत होतो आणि आतून कुणीतरी भलतीकडेच जायची तयारी करत होतं. हे तुला लिहू नये असं मला वाटतं, म्हणूनच लिहितो आहे.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे ना?" मी म्हणालो, ती इंग्लंडात असते. "मग तिला विचारून या. ती हो म्हणाली तर मी चेहरा काढते."

मी काउंटरपाशीच उभा राहिलो. गिऱ्हाईकं माझ्या बाजूने जात-येत होती. तुला विचारण्याची माझी छाती झाली नाही. तू काय म्हणशील हे मला माहीत होतं, आणि ते कोणत्या आवाजात म्हणशील तेही.

शेवटी बाईंनाच दया आली. त्यांनी विचारलं, तिच्या माहेरचं कोणी गेलेलं आहे का, गाडी चालवणारं. आणि मला तुझा मामा आठवला.

तुझा मामा फुक-सिंग तीस वर्षं लाल टॅक्सी चालवत होता, आणि त्या तीस वर्षांत त्याने क्लचवरचा पाय एकदाही उचलला नसेल. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात चहा, उताराला न्यूट्रल. मी त्याच्या टॅक्सीत दाराची मूठ धरून बसायचो. एकदा मी त्याला तोंडावर म्हणालो, तुला लायसन्स लॉटरीत लागलं का. त्याने मला भर रस्त्यात उतरवलं. तुझी आई उतरली नाही. ती म्हणायची, "दादाच्या टॅक्सीत मला झोप लागते. तुझ्या गाडीत मी तुला जागं ठेवायला बसते." लहानपणी तो तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. तो गेला तेव्हा ती आठ दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती.

मी बाईंना फोनवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी मिशी खरवडली, एक दात वाकडा काढला आणि कानामागे सिगरेट लावली. तो हुबेहूब झाला, म्हणजे डोक्यात जाईल असा.

चिंग मिंगच्या दिवशी अस्थिगृहाच्या भट्टीपुढे रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मी गाडी आत ठेवली, मामाला स्टिअरिंगवर बसवलं आणि मला गप्प राहवेना. मी वाकून त्याला सांगितलं की गाडी थंड असताना जोरात रेस देऊ नकोस. दुसरा गिअर थोडा अडतो, जबरदस्ती करायची नाही. ब्राइड्स पूलच्या आधीचं वळण दिसतं त्यापेक्षा आखूड आहे. तिला मासळी आणायची असली तर आणू दे, कुठेही ठेवू दे. "आणि मेव्हण्या, क्लचवरून पाय काढ."

मागच्या माणसाच्या हातात कागदी मसाज-खुर्ची होती. तो हळूच म्हणाला, "काका, तुमच्या मेव्हण्याला जमेल. मागे खूप लोक आहेत." मी काडी लावली. मामा आधी पेटला, सिगरेटच्या बाजूने, मग छप्पर, मग सीट. मी रडलो. धूर होता, पण मी धुराने रडलो नाही.

लोउ-दाउ


ताइ पो
२८ एप्रिल २०२४

आ-सम,

गेले दोन रविवार मी कोनाड्याशी गेलो, फुलं बदलली, आठवड्याचं सांगितलं. पण 'चल' म्हणालो नाही. ती आणि मामा केव्हाच निघून गेले असणार. तो उशिरा उठत नसे, एवढं मी त्याच्याबद्दल चांगलं बोलू शकतो.

मागच्या पत्रानंतर तू फोन केलास आणि काही बोलली नाहीस. दोघं तसेच फोन धरून होतो, आणि तू रडत होतीस हे मला कळत होतं. आपण बापलेक पहिल्यांदाच तिसऱ्या वाक्यापर्यंत गेलो नाही. तू ठेवताना एवढंच म्हणालीस, "लोउ-दाउ, मला तुम्ही जिवंत हवे आहात." मी ते ऐकलं. त्याचं उत्तर हे पत्र आहे.

गाडी मी लुंगला दिली. तो पैसे देत होता, मी लाल पाकिटाशिवाय काही घेतलं नाही. बोटीने आणणं शक्य होतं, तुझा तक्ता अजून भिंतीवर आहे. पण ती आता तुझ्या आईची आहे. तिच्याकडे एक आणि वॉरिंग्टनला एक, अशा दोन ठिकाणी मला ती सांभाळवणार नाही. लुंगच्या दारात ती कोरडी राहील, आणि तो तिला त्याच रस्त्यावर फिरवील. सह्या करून मी त्याच्या हातात किल्ली दिली.

काल तो म्हणाला, मोकसाहेब, एक चक्कर मारू या. मी सवयीने उजवीकडे गेलो. तिथे तो उभा होता. तीस वर्षांत मी त्या गाडीत डावीकडे कधी बसलो नव्हतो. बसलो.

जाताना मी त्याचे गिअर मोजत होतो. लुक केंगला शेवया खाल्ल्या. टपरीवाली म्हातारी आता नाही, तिची सून आहे, शेवया बऱ्या करते. परतताना खाडीचा काठ माझ्या बाजूला आला, आणि पलीकडच्या त्या बेटावर झाडंच्या झाडं पांढरी. आधी मला वाटलं, फुलं आहेत. मग त्यातली काही उडाली. बगळे, आ-सम. घरटी करून बसलेले शेकडो बगळे. पुढे जलाशयाची लांब भिंत आली, जिच्या दुरुस्तीचे नकाशे मी स्वतः काढले. पाण्यात अख्खा डोंगर उतरला होता. मी लुंगला म्हणालो, हे इथे कधीपासून आहे? तो म्हणाला, "तुमच्या आधीपासून."

दर रविवारी तुझी आई याच वळणांवर म्हणायची, "ए म्हाताऱ्या, बघ ना." आणि मी म्हणायचो, रस्ता बघतोय. मला वाटायचं ती मला हळू चालवायला सांगते आहे. ती मला हे दाखवत होती. मी लुंगला गाडी थांबवायला सांगितलं. तो थांबला आणि मी खाली उतरून बघत राहिलो.

मोठं घर घे. खालची खोली माझी. गॅरेजात तुला काय ठेवायचं ते ठेव, काम-तोंगच्या सायकलीसुद्धा. व्हिसाचे कागद मी उद्या पाठवतो, बोटांचे ठसे द्यायला वेळ घेतली आहे.

मँचेस्टरच्या विमानतळावर काम-तोंगला पाठवू नकोस. तू ये, तुझी ती गाडी घेऊन. मी डावीकडे बसेन आणि तू म्हणशील तिकडे बघेन. तुझ्या क्लचबद्दल एक शब्द बोलणार नाही, निदान विमानतळापासून घरापर्यंत.

लोउ-दाउ